रातव्याचे फोटो दाखवून शोधायचा वेळ मोजतोय, दुसऱ्या फेरीत आकडे एकदम कोसळतात

पाचोळा: बी.एस्सी.चा प्रकल्प आहे. पाचोळ्यात बसलेल्या रातव्याचे (नाइटजार पक्ष्याचे) ३० फोटो, लॅपटॉपवर मुलांना दाखवतो. पक्षी दिसला की स्पेसबार दाबायचा. पहिल्या फेरीत १०-१५ सेकंद लागतात, तेच फोटो पुन्हा दाखवले की सेकंदभरात सापडतो. याला नजर बसली (सर्च इमेज, म्हणजे सरावाने तो चटकन ओळखू येणं) म्हणायचं का? आणि मुळात तो दिसत का नाही?

नेत्रपल्लवी: नाही म्हणता येणार. दुसऱ्यांदा मुलं पक्षी शोधत नाहीत, जागा आठवतात. एक फोटो एकाला एकदाच. स्पेसबार दाबला की फोटो घालवा आणि माऊसने जागा दाखवायला लावा. पाचात एक फोटो बिनपक्ष्याचा ठेवा, नाहीतर अंदाजपंचे बटणं दाबली जातात. मर्यादा २० सेकंद. सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या; दोघे-तिघे अडकले तरी सरासरी वर ओढली जाते.

खरी गोची फोटोंतच असते. फोकस पक्ष्यावर, मागचा पाचोळा धूसर, शिवाय पक्षी बरोब्बर मधोमध! मग कॅमोफ्लाज गेलं उडत. लांबून, एफ/११ वगैरे (लहान छिद्र, म्हणजे मागचा पाचोळाही स्पष्ट येतो) ठेवून काढलेलेच फोटो घ्या आणि क्रॉप करताना पक्ष्याची जागा बदलत राहा.

कडेकडेने: न दिसण्याचं कारण कडा. मेंदूतल्या दृष्टीच्या प्राथमिक पट्ट्यातल्या (व्ही-१) पेशी छोट्याशा भागातली कड टिपतात, पुढच्या टप्प्यांत त्या जोडून आकार बनतो. रातव्याचे काळे-बदामी डाग शरीराच्या कडेवरच येऊन तुटतात. डागाची कड ठळक, पक्ष्याची हरवलेली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या इनेस कथिल यांच्या गटाने २००५ मध्ये ओकच्या खोडांवर कागदाचे पतंग (मॉथ कीटक) लावून हेच तपासलं: कडेला भिडणारे डाग असलेले, आतच डाग असलेल्यांपेक्षा पक्ष्यांपासून जास्त टिकले. चटकन नजरेत भरेल असं काही नसल्याने डोळा तुकड्यातुकड्याने फिरतो, सेकंदाला तीनेक उड्या. त्यात स्वच्छ दिसतं ते हात लांब धरल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढंच.

पाचोळा: मग नजर बसते हे दाखवायचं कसं?

नेत्रपल्लवी: पिट्रेविच आणि कमिल यांचा १९७९चा ब्लू जे पक्ष्यांवरचा प्रयोग बघा. एकाच जातीच्या पतंगांच्या स्लाइड्स लागोपाठ आल्या की ब्लू जे सुधारत गेले; दोन जाती मिसळल्या की नाही. तुम्हीही दोन गट करा: एकाला फक्त रातवा, दुसऱ्याला रातवा आणि टिटवीची अंडी आलटून पालटून. फोटो दर वेळी नवा, तुलना फक्त रातव्याच्या फोटोंची. रिकाम्या फोटोंवरच्या चुका वेगळ्या मोजा. वेळ घटला आणि चुका वाढल्या, तर ती निव्वळ घाई.