क्षारपड रानांसाठी नेदरलँड्सशी भागीदारी करावी का? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कृष्णाकाठ
खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कालवा, मग नदीकाठच्या उपसा संस्था, मग ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना. सांगली जिल्ह्याच्या वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात पाणी आणायला दीडशे वर्षांत काही कमी केलं नाही. ते रानातून बाहेर काढायची वाट मात्र केली नाही. साधा हिशेब बघा. पाण्याची क्षारता मीटरला ०.५ डेसिसायमन (क्षारता मोजायचं एकक) धरली, तर लिटरमागे सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार येतात. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षाला २००० मिलिमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी ६.४ टन, म्हणजे एकरी अडीच टनांवर मीठ रानात पडतं. निचरा नसला की ते तिथंच साठतं. उन्हाळ्यात पाणी वर ओढलं जातं आणि सरीच्या माथ्यावर पांढरा थर दिसतो.

नेदरलँड्सची पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. जमिनीतलं पाणी बाहेर काढण्यावरच तो देश उभा आहे. सच्छिद्र पाइप जमिनीत टाकणारी, लेसरवर उतार धरून चालणारी यंत्रं तिथं रोजच्या वापरात आहेत. आपल्या सहकारी संस्थांनी गावपातळीवर त्यांच्याशी करार करावा, यंत्र आणि माणसं दोन्ही आणावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओढ्याची वाट
विरोध आहे, आणि कारण अनुभवाचं आहे. नव्वदच्या दशकात हरियाणात नेदरलँड्सच्या मदतीने असेच प्रकल्प झाले. राजस्थानात कोट्याजवळ चंबळच्या लाभक्षेत्रात कॅनडाच्या मदतीने हजारो हेक्टरवर पाइप गेले. काम उत्तम झालं. पण २००३ मध्ये केंद्र सरकारने ठरवलं की मोजक्या देशांशिवाय इतरांची द्विपक्षीय मदत नको. त्या इतरांत नेदरलँड्सही होतं आणि कॅनडाही. करार दोन सरकारांचा असतो, तो एका निर्णयात संपतो. पाइप मात्र वीस-तीस वर्षं जमिनीत राहायचा असतो. त्याची देखभाल कोण करणार हे आधी ठरलं नसेल, तर यंत्र कुठूनही आणा.

शिवाय आपल्याकडे अडतंय ते यंत्रावर नाही. ८० मिलिमीटरचा नालीदार सच्छिद्र पाइप, त्यावरचं गाळणीचं कापड, सगळं देशात बनतं. पोकलेन गावोगाव आहे. अडतंय शेवटच्या टोकाला. पाणी सोडायचा ओढा गाळाने भरलाय, त्यात अतिक्रमण आहे, आणि मधल्या रानाचा मालक पाइप जाऊ देत नाही. हॉलंडचा इंजिनिअर त्या बांधावर उभा राहून काय करणार?

उतार
ओढ्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पोकलेनबद्दल नाही. १०० मीटरच्या लाइनला ०.१ टक्के उतार म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फक्त १० सेंटिमीटर. ओल्या काळ्या रानात पोकलेनचा बकेट पाच सेंटिमीटर वर-खाली सहज होतो. तेवढ्यात पाइपला मधे पोट पडतं. पोटात गाळ बसतो, पाइप अर्धा भरतो, आणि दोन पावसाळ्यांनी 'प्रणाली चालत नाही' म्हणून सगळे हात वर करतात. पोकलेननेच करायचं असेल तर चर खोदल्यावर दर पाच मीटरवर लेव्हल घ्या, तळ हाताने सारखा करा, मगच पाइप ठेवा. चर ओला असताना बुजवू नका. चिकणमाती लिंपल्यासारखी बसते आणि पाइपाच्या भोकांपर्यंत पाणी पोचतच नाही.

दुसरं, दोन लाइनींतलं अंतर. सरसकट ३० मीटर धरतात. ३० मीटरला एकरी १३५ मीटर पाइप लागतो, २० मीटरला २०० मीटर. खर्चातला फरक उघड आहे, म्हणून ठेकेदार ३० सांगतो. खरं अंतर ठरतं जमीन पाणी किती झिरपू देते त्यावर. त्यासाठी गिरमिटाने पाण्याच्या पातळीखाली भोक पाडायचं, पाणी उपसायचं आणि ते किती वेगाने वर येतं ते घड्याळ लावून मोजायचं. ही मोजणी ओल्या हंगामात करायची, कारण उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. हूघौट नावाच्या डच शास्त्रज्ञाचं अंतराचं सूत्र १९४० पासून जगभर वापरतात, पण त्यात घालायचा हा आकडा आपल्याच रानातून यावा लागतो. भागीदारी हवी ती या मोजणीच्या शिस्तीसाठी.

वाफसा
सगळे पाइपावर बोलताय. आधी पाणी कमी करा की! तोच ऊस ठिबकवर निम्म्या पाण्यात येत असेल तर वरच्या हिशेबातलं मीठही निम्मं होतं. पाचट जाळू नका, बाष्पीभवन घटतं. आणि जिथं चिकणमाती भरपूर आहे तिथं मोल नांगर चालवा. ट्रॅक्टरमागे लोखंडी गोळा लावून ५०-६० सेंटिमीटर खोलीवर बोगदा पाडायचा, पाइप नाही, कापड नाही. दोन-तीन वर्षांनी परत मारायचा.

उतार
@वाफसा, मोल चोपणात, म्हणजे सोडियम वाढलेल्या रानात, टिकत नाही. सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असलेली माती पाण्यात विरघळल्यासारखी फुटते, बोगदा पहिल्या पावसात बसतो. आधी जिप्सम, ढैंच्याचं हिरवळीचं खत, मग मोल. उलट नुसती क्षारयुक्त जमीन असेल, सामू कमी आणि क्षारता ४ डेसिसायमनच्या वर, तर जिप्समवर घातलेला पैसा वाया. ही दोन दुखणी वेगळी आहेत. मातीचा अहवाल न वाचता एकच औषध देतात, तिथंच निम्मे प्रयोग फसतात.

आणि ठिबकने मीठ कमी येतं, साठलेलं जात नाही. ते ओलाव्याच्या कडेला गोळा होतं आणि पहिल्या वळवाने मुळांत उतरतं. ठोकताळा असा की एक फूट माती धुवायला एक फूट पाणी तिच्यातून खाली जावं लागतं, तेव्हा ८० टक्क्यांच्या आसपास क्षार निघतात. खाली वाट नसेल तर ते पाणी जाणार कुठे?

राजापूर बंधारा
ते नदीत जाणार, आणि नदी कर्नाटकात जाणार. सीमापार भागीदारी म्हणताना सगळ्यांची नजर युरोपकडे, पण सांगलीच्या रानांतून निघालेलं खारं पाणी पहिली सीमा ओलांडतं ती शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याच्या खाली. हजारो एकरांवर पाइप टाकून मार्च-एप्रिलमध्ये, नदी आटलेली असताना, सगळ्यांनी पाइपांचे चेंबर उघडून पाणी सोडलं तर खालच्या गावांच्या प्यायच्या पाण्याचं काय? पाणी सोडायची वेळ जुलै ते सप्टेंबर, नदीला प्रवाह असताना, अशी ठरवावी लागेल. त्यासाठी बेळगावच्या बाजूशी क्षारतेच्या नोंदी वाटून घ्याव्या लागतील. महापुराच्या वेळी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या आकड्यांवरून आपण भांडतो, तीच वेळ उद्या मिठावरून येऊ नये एवढंच कळकळीने सांगतो.

ओढ्याची वाट
जुलै-सप्टेंबरमध्ये आणखी एक अडचण. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. तेव्हा काठावरचे पाइपांचे सगळे मुखभाग, म्हणजे पाणी बाहेर पडायची तोंडं, पाण्याखाली. झडप नसेल तर पुराचं गाळाचं पाणी उलटं पाइपात शिरतं. प्रत्येक मुखाला एकाच दिशेने उघडणारी झडप आणि पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत धुलाई, हे अंदाजपत्रकात कधी दिसत नाही.

कृष्णाकाठ
मान्य. मग यंत्राची मागणी मी मागे ठेवतो. पण डचांकडून घ्यायची खरी गोष्ट तुमच्याच बोलण्यातून पुढे आली. त्यांच्याकडे आज २१ पाणी मंडळं आहेत, मूळ तेराव्या शतकातलं. मंडळाची निवडणूक होते, मंडळ स्वतः कर बसवतं, आणि त्या पैशातून चर, पंप, बांध सांभाळले जातात. सरकार बदललं तरी चर साफ होतो. आपल्याकडे २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे, पाणी वापर संस्था आहेत. त्यांनी पाणी देण्याची पट्टी घ्यायची तशी पाणी काढण्याचीही घ्यावी. वसुलीची सोयही तयार आहे: ऊसबिलातून टनामागे कपात.

ओढ्याची वाट
ऊसबिलातून कपात केली की हळद आणि द्राक्षवाला सुटला. आणि त्याहून मोठा अन्याय पुढेच आहे. खालचं रान खारवतं ते वरच्याच्या पाण्याने. कालव्याच्या कडेचा, उंचावरचा शेतकरी मोकाट पाणी देतो, त्याचं रान चांगलं राहतं, झिरपा खालच्याच्या सरीत येतो. पट्टी खालच्याने भरायची का? डचांचा कर मंडळाच्या हद्दीतल्या सगळ्यांना लागतो, रान उंचावर असो की खोलात. तेवढी तयारी असेल तर मी भागीदारीच्या बाजूने.

उतार
ते ठरवायला पुरावा लागेल, आणि तो स्वस्तात मिळतो. दोन इंची पीव्हीसी पाइप, लांबी दोन मीटर, खालच्या एक मीटरला भोकं, त्याला कापड, बाजूने खडी, वर टोपण. कालव्यापासून ओढ्यापर्यंत एका रेषेत दहा नळ्या रोवा. दर पंधरवड्याला काठीने पातळी मोजा, त्याच पाण्याची क्षारता खिशातल्या मीटरने घ्या, वहीत तारखेसह लिहा. वर पाणी दिल्यावर किती दिवसांनी खालच्या नळीत पातळी चढते ते दोन आवर्तनांत कळेल. करार कुणाशीही करा, पहिल्या बैठकीत समोरचा हीच वही मागणार आहे. नळ्या मे महिन्यात, रान मोकळं असताना बसवा. लावण झाल्यावर उसात शिरून रेषा धरता येत नाही.

वाफसा
वरच्या बाजूच्या दोन नळ्या ठिबकच्या रानात आणि दोन मोकाट पाण्याच्या रानात घ्या. मग पट्टी कुणाला किती, हे वहीच सांगेल.