मदत हवी आहे: नवी डिस्क कायमची माउंट करताना (फोल्डरला जोडताना) 'नोफेल' द्यावे का?

आमच्या वाचनालयातील जुन्या मासिकांचे स्कॅनिंग चालू असून ते स्कॅन सांबा या नेटवर्कवरून फाइली ठेवू देणाऱ्या सेवेमार्फत डेबियन लिनक्सच्या एका संगणकावर जमा होतात. मूळ एसएसडी भरत आल्यामुळे ४ टीबीची हार्ड डिस्क जोडली आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्याला साधारण २ टीबीपुढची जागा हाताळता येत नाही, म्हणून जीपीटी हा नव्या पद्धतीचा तक्ता करून एकच पार्टिशन पाडले आणि त्यावर एक्स्ट४ फाइल सिस्टिम तयार केली. एक्स्ट४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवते. म्हणजे इथे सुमारे २०० जीबी. केवळ स्कॅन ठेवण्याच्या डिस्कवर एवढी जागा अडवण्याचे कारण दिसेना, म्हणून 'ट्यून२एफएस' वापरून ते प्रमाण १ टक्क्यावर आणले.

लिनक्सने डिस्कला दिलेले एसडीबी हे नाव पुढच्या वेळी एसडीसी होऊ शकते, त्यामुळे एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचे याची यादी असलेल्या फाइलमध्ये) 'ब्लकआयडी' या आज्ञेने दाखवलेला यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहिला. 'माउंट -ए' ही आज्ञा दिल्यावर डिस्क विनातक्रार माउंट होते.

अडचण पुढे आहे. एफएसटॅबमध्ये 'नोफेल' (डिस्क नसली तरी संगणक सुरू होऊ द्या, असे सांगणारा पर्याय) न लिहिल्यास, एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही तर सिस्टमडी (संगणक सुरू होताना सर्व सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या मोडमध्ये थांबेल. मी दुसऱ्या शहरातून एसएसएचने (नेटवर्कवरून दूरच्या संगणकावर आज्ञा देण्याच्या सोयीने) काम पाहतो आणि वाचनालयात तो संगणक सावरू शकेल असे कोणी नाही. 'नोफेल' लिहिल्यास संगणक सुरू होईल, पण माउंटची जागा म्हणजे एसएसडीवरचा साधा रिकामा फोल्डर उरेल आणि नवे स्कॅन त्यातच साठत जातील. डिस्क पुन्हा जोडली की ते तिच्याखाली झाकले जातील, आणि काम करणाऱ्यांना पाने हरवली असे वाटेल. मला हा दुसरा धोका अधिक गंभीर वाटतो. डिस्क माउंट नसताना त्या फोल्डरमध्ये काहीही लिहिले जाऊ नये, अशी व्यवस्था करता येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपल्या परिस्थितीत 'नोफेल' अवश्य ठेवावे, कारण दुरून दुरुस्ती करायची तर संगणक आधी सुरू व्हायला हवा. डिस्क अनमाउंट करून रिकाम्या फोल्डरवर 'सीएचअ‍ॅटर +आय' लावा. त्यानंतर तिथे रूटलाही फाइल तयार करता येत नाही. माउंट मात्र नेहमीप्रमाणे होते, आणि त्या वेळी डिस्कवरील मूळ फोल्डर वर येत असल्यामुळे लिहिण्यास कोणतीही आडकाठी राहत नाही. याशिवाय 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरून सांबाच्या सेवेत 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ही ओळ घाला व तिच्यापुढे त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहा. मग डिस्क माउंट झाली नाही तर सांबा सुरूच होणार नाही, आणि स्कॅन करणाऱ्याला चूक त्याच क्षणी दिसेल. दोन्ही उपाय एकत्र करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एसएसएचवर त्यांचा काही परिणाम होत नाही. एफएसटॅब बदलल्यावर 'डीमन-रीलोड' करा, म्हणजे सिस्टमडी तो बदल वाचेल, आणि वाचनालयात प्रत्यक्ष जाल तेव्हा संगणक बंद करून, डिस्कची केबल काढून, तो एकदा तसाच सुरू करून पाहा.