विषय: ओल्ड मॅन रेंज आणि नेव्हिस, लेबर वीकेंडला?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आसपासच लेबर वीकेंड (ऑक्टोबरअखेरची इथली जोडसुट्टी) येतो, म्हणून असा बेत आहे: पहिल्या दिवशी फ्रूटलँड्सवरून सायम्स रोडने ओल्ड मॅन रेंज या डोंगररांगेवर, दुसऱ्या दिवशी बॅनकबर्नहून नेव्हिस रोडने गार्स्टनला. दोन हायलक्स, एक प्राडो आणि तीन ऑल-व्हील एसयूव्ही. जाणकारांनी सांगावं, गाड्यांची तयारी काय आणि वर काय पाळायचं?

– सहल समिती, डनीडन, न्यूझीलंड

---

Re: ओल्ड मॅन रेंज आणि नेव्हिस, लेबर वीकेंडला?

मंडळी,

आधी तारीख बदला, तयारीचं नंतर. ऑक्टोबरअखेर, म्हणजे इथला वसंत, वरच्या जमिनीसाठी सगळ्यात वाईट वेळ. हिवाळ्यात ती गोठून दगडासारखी असते. वसंतात वरची वीतभर माती सुटते, पण खालचा थर गोठलेलाच राहतो. पाण्याला झिरपायला वाट नसते, म्हणून वर नुसता राडा. टायर त्यात रुततं, खालच्या कडक थरावर घसरतं आणि चाकोरी खोल कापली जाते. पुढच्या पावसात त्या चाकोरीचा ओहोळ होतो. मग मागून येणारा ती टाळायला बाजूने जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने, आणि एका रस्त्याचे तीन होतात.

म्हणूनच डॉकवाले (सरकारी संवर्धन खातं) गेट बंद ठेवतात. उघडण्याची तारीख बर्फ आणि ओल पाहून ठरते, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात त्यांच्या पानावर बघा. नेव्हिस मात्र जिल्हा कौन्सिलचा रस्ता. तो साधारण जून ते सप्टेंबर बंद असतो. नेव्हिस उघडला म्हणजे ओल्ड मॅनही उघडला, असं धरून चालू नका. फेब्रुवारी घ्या, इथला उन्हाळा.

वर १६०० मीटरच्या पुढे माथ्यावर उशीसारख्या झुडपांचे गालिचे आहेत. उंची जेमतेम काही सेंटीमीटर, त्यामुळे नवखा माणूस त्यांना शेवाळ समजतो आणि फोटोसाठी गाडी थेट त्यावर लावतो. तो थर फाटला की उघड्या मातीत रात्री बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि रुजणारं रोप मुळासकट उचलून टाकतात. जखम भरायला दशकं लागतात. शेजारी जे मातीचे गोल उंचवटे दिसतात तेही गोठण्या-वितळण्यातूनच घडलेले. चाकाखाली एकदा सपाट झाले की झाले. कासच्या सड्यावर पायवाट सोडू नका असं का बजावतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

संवर्धन जमिनीवर गाडी फक्त बांधलेल्या, परवानगीच्या रस्त्यावर. जुन्या चाकांच्या खुणा म्हणजे रस्ता नव्हे. आणि डनीडनकरांनो, तुमच्या नळाला येणारं पाणी बरंचसं अशाच टसॉक गवताच्या माळांवरून येतं.

– क्रॉमवेलहून, श.

---

Re: Re: ओल्ड मॅन रेंज आणि नेव्हिस

श. दादांशी तारखेबद्दल पूर्ण सहमत. गाडी चालवण्याबद्दल थोडी भर.

डांबरी संपलं की टायरची हवा उतरवा. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर खडीवर २६-२८, चढावर सैल दगड असतील तर २२-२४. हवा कमी केली की टायर लांबीला जास्त टेकतं, पकड वाढते, चाक जागच्या जागी फिरत नाही. जमीन खणतं ते फिरणारं चाक, वजन नव्हे. १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिममधून निसटतं. २२ वर असताना ताशी ४० च्या आत राहा, आणि डांबरीवर येण्याआधी कंप्रेसरने हवा भरा, नाहीतर टायरची बाजू तापून फाटते.

लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) चढ लागण्याआधी घाला, चढावर अडकल्यावर नव्हे. वर जाताना दुसरा गिअर, उतरताना पहिला, ब्रेकवर पाय कमीत कमी. समोर डबकं आलं तर बाजूने वळसा नाही. काठीने खोली बघा आणि मधूनच जा. खोल असेल तर मागे फिरा. ‘गाडी खराब नको’ म्हणून सज्जनपणे बाजूने जाणाऱ्यांनीच रस्ते रुंद केले आहेत.

– इन्व्हरकार्गिलहून, म.

---

Re: Re: Re: ओल्ड मॅन रेंज आणि नेव्हिस

म. ताई, एक दुरुस्ती. कमी हवा हा ओल्या जमिनीवरचा उपाय नाही. १८ वर उतरवून लोक दलदलीतून पार होतात खरं, पण दलदल तेवढीच फाटते, फक्त गाडी अडकत नाही. चाकाच्या मागे चार बोटांहून खोल खूण उमटायला लागली की दिवस संपला समजा आणि परत फिरा.

आता नेव्हिस. डफर्स सॅडल सुमारे १३०० मीटरवर, देशातला सगळ्यात उंच सार्वजनिक रस्ता. पुढे वीसहून जास्त ओढे ओलांडावे लागतात. जिथून चालत जाववत नाही तिथून गाडी नेऊ नका. हँडबुकात किती पाण्यातून नेता येते ते बघा. साध्या एसयूव्हीचं इंजिनासाठी हवा ओढणारं तोंड बंपरमागे खालीच असतं. इंजिनात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. एका वेळी एकच गाडी. तापलेलं डिफ (डिफरन्शियल, चाकांच्या मधली गिअरची पेटी) थंड पाण्यात एकदम बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे तिच्या हवेच्या नळीतून, पाणी आत ओढलं जातं. म्हणून पहिल्या ओढ्याआधी दहा मिनिटं थांबा, आणि घरी आल्यावर डिफचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर बदला.

डिडिमो शेवाळ २००४ साली साउथलंडच्या नद्यांत सापडलं. थेंबभर पाण्यातूनही ते दुसऱ्या नदीत जातं. या सहलीआधी दुसऱ्या खोऱ्यात गाडी पाण्यात घातली असेल तर धुवा, हाताला कोरडी लागल्यावरही ४८ तास थांबा. बूट आणि मासेमारीचं सामानही त्यातच आलं.

बियांचं म्हणाल तर हॉकवीड आणि ल्युपिन ही तणं गाडीला लागलेल्या चिखलातून प्रवास करतात. बघायच्या जागा: मडगार्डच्या आतला कोपरा, खालची संरक्षक प्लेट, स्पेअर टायर, रेडिएटरची जाळी, पायाखालच्या मॅट. घरी, गवतावर, गटारापासून दूर धुवा. जाळीत आणि प्लेटवर अडकलेलं वाळकं गवत तसंही काढायलाच हवं: डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा सायलेन्सर प्रचंड तापतो. उंच टसॉकवर गाडी उभी करू नका, उन्हाळ्यात आग लागते.

– अलेक्झांड्राहून, वि.

---

Re: ओल्ड मॅन रेंज आणि नेव्हिस (सहा गाड्या कशाला?)

तीन एसयूव्ही खालीच ठेवा. लो रेंज नाही, पोट खाली. माणसं तीन गाड्यांत बसवा, चाकोऱ्याही निम्म्या.

अडकलात तर: आधी फावड्याने चाकापुढचा चिखल काढा, मग ट्रॅक्शन बोर्ड (पकडीसाठीची दातेरी प्लास्टिक फळी) चाकाखाली घट्ट सरकवा, हळू गॅस द्या. चाक जागच्या जागी फिरलं तर बोर्डाचे दाते वितळतात. ओढायचंच असेल तर रेटिंग असलेल्या हुकालाच पट्टा लावा. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच नाही, तो तुटून गोळीसारखा येतो आणि माणसं मेली आहेत. माथ्यावर विंच बांधायला झाड नाही, म्हणून दुसरी गाडी लागतेच. निघण्याआधी खड्डे त्याच मातीने बुजवा.

वर मोबाईल लागत नाही. पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं यंत्र) भाड्याने मिळतो. स्वतःचा असेल तर नोंदणी करा, फुकट आहे. बर्फ कुठल्याही महिन्यात पडतो, जाकिटं प्रत्येकाची. शौच पाण्यापासून ५० मीटर दूर, १५ सेंटीमीटर खड्ड्यात. माथ्यावर थंडीमुळे काही कुजत नाही, तिथून पिशवीत परत आणा. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, असल्या रस्त्यांवर विमा लागू नसू शकतो.

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार मला चालेल. प्राडोवाल्यांनी कंप्रेसर आणावा, माझा एकच आहे.

– क्वीन्सटाउनहून, ना. काका