मदत हवी आहे: एमटी७५३० स्विच, व्हेंडर ड्रायव्हरवरून डीएसएवर (लिनक्स कर्नलची नेटवर्क स्विच हाताळायची पद्धत)

भोसरीत आमच्याकडे एमटी७६२१चा (राउटरमधली मीडियाटेकची चिप, एमटी७५३० स्विच तिच्यातच) बोर्ड आहे, आत्तापर्यंत व्हेंडरच्या जुन्या कर्नलवर चालायचा, व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) सगळे एसडब्ल्यूकॉन्फिग या जुन्या टूलने. आता मेनलाइनवर (लिनक्सच्या मूळ अधिकृत कर्नलवर) आणतोय, कारण त्या ड्रायव्हरला सिक्युरिटी पॅच देणार कोण, आणि एमटी७५३०चा सपोर्ट तर मेनलाइनमध्ये ४.१२ पासून आहेच. डिव्हाइस ट्री (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) झालं, सीपीयू पोर्ट (स्विचला प्रोसेसरशी जोडणारा) ६ दिलाय, लॅन१ ते लॅन४ वेगवेगळे दिसतात (हे खरंच भारी वाटलं), नुसत्या ब्रिजमध्ये (सगळे पोर्ट एकत्र जोडणारा कर्नलमधला इंटरफेस) पिंग पण होतं. पण व्हीलॅन फिल्टरिंग ऑन करून पोर्टांना व्हीआयडी (व्हीलॅनचा नंबर) १० दिला की पोर्ट टू पोर्ट चालतं, बोर्डाला मात्र पिंग लागत नाही, टीसीपीडंपमध्ये (फ्रेम बघायचं टूल) इथ०वर, म्हणजे प्रोसेसरच्या बाजूच्या इंटरफेसवर, त्या व्हीलॅनची एकही फ्रेम येत नाही. ब्रिजलाच सेल्फ लावून व्हीआयडी द्यावा लागतो का, आणि आयपी मग बीआर०.१० वर (ब्रिजवरचा व्हीलॅन १० चा इंटरफेस)? पुण्यात कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा, भेटायलाही येईन.