माळरानावर झाडे नकोत, असे म्हणणारे पर्यावरणाचे शत्रू आहेत का?

माळटिटवी (धागाकर्ती)

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात आम्ही वीस-बावीस जण मिळून पक्षिनिरीक्षणाचा एक लहानसा गट चालवतो. त्यात शिक्षक आहेत, एक औषधविक्रेते आहेत, दोन शेतकरी आहेत आणि बाकी बहुतेक महाविद्यालयीन मुले आहेत. आमच्या ग्रामपंचायतीने गेल्या पंधरवड्यात गावच्या ४० एकर गायरानावर येत्या पावसाळ्यात वृक्षलागवड करण्याचा ठराव केला. आम्ही त्याला लेखी हरकत घेतली, आणि तेव्हापासून गावात आम्हाला ‘झाडतोडे’ असे नाव पडले आहे. एकही झाड न तोडता मिळालेले हे नाव असल्यामुळे, आमचे म्हणणे येथे सविस्तर मांडते आणि विरोधी मतेही ऐकू इच्छिते.

इंदापूर, बारामती, दौंड या पट्ट्यातला माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या भागात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वीतभर खणले की मुरूम लागतो, आणि अशा जमिनीवर गवत आणि तुरळक हिवर-बाभूळ हीच नैसर्गिक वनस्पती आहे. चिंकारा, लांडगा, खोकड (लहान कोल्हा), धाविक (जमिनीवर धावणारा लहान पक्षी) आणि चंडोल हे त्या मोकळेपणावरच जगणारे प्राणी-पक्षी आहेत. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि पुन्हा वर झेपावतो. त्याचा हा सगळा खेळ मोकळ्या माळावरचा आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री झाडावर नव्हे, तर गवतात जमिनीवर मुक्काम करतात आणि दिवसभर नाकतोडे टिपतात, ज्याचा फायदा शेजारच्या ज्वारीला होतो.

मार्च महिन्यात याच गायरानावर आम्हाला धाविकाची दोन अंडी आढळली. आढळली म्हणणेही धाडसाचेच, कारण आमच्यातल्या एकीचा पाय त्यांच्यापासून वीतभर अंतरावर पडला तेव्हा कुठे ती दिसली. घरट्याच्या नावाने काडीसुद्धा नव्हती. उघड्या मुरमावर, शेळ्यांच्या लेंड्यांशेजारी, मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची दोन अंडी होती. तेथून अकरा पावलांवर खड्ड्याची जागा दाखवणारी पांढऱ्या फक्कीची खूण होती. ठराव होण्यापूर्वीच आखणी झालेली होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. एवढ्या रोपांसाठी जागा उसाच्या रानातून निघत नाही, ती माळावरच शोधली जाते, कारण कागदावर माळ ‘पडीक’ असतो. आमची हरकत झाडाला नाही. जागेच्या निवडीला आहे.

बांधावरची_बाभूळ

मी याच भागातला शेतकरी आहे आणि पूर्वी पंचायत सदस्यही होतो, त्यामुळे ठराव करणाऱ्यांच्या बाजूने बोलणे माझे कर्तव्य समजतो. धाविकाची अंडी ही गोड गोष्ट आहे, परंतु ती वाचून गावातले कोणी मत बदलेल असे मला वाटत नाही. बैठकीत जी खरी भीती बोलली जाते आणि इतिवृत्तात कधीच लिहिली जात नाही, ती मी येथे लिहितो.

गायरान रिकामे दिसले की त्याच्यावर कोणाची ना कोणाची नजर जाते. आधी कडेची दोन सरी नांगरली जाते, मग पत्र्याचे शेड उभे राहते, मग वीजजोडणी येते. आता कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्पांना गायराने दिली जात आहेत. योजना चांगली असेल, पण पॅनेलखाली ना तुमचा धाविक राहील ना आमची गुरे. अशा वेळी रांगेत लावलेली दोन हजार रोपे हा गावाच्या हाती असलेला ताब्याचा पुरावा असतो. ‘येथे सामाजिक वनीकरण आहे’ असे सांगता येते. ‘येथे गवत आहे’ असे सांगितले तर समोरचा अधिकारी हसतो. आम्ही सावलीसाठी झाडे लावतो असे तुम्हाला वाटते, तर आम्ही ती कुंपण म्हणून लावतो.

दुसरी गोष्ट सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याची. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात शेते आली, गावे आली, आणि जमिनीच्या व्यवहारांपासून बांधकामापर्यंत लोकांना वर्षानुवर्षे अडचणी सोसाव्या लागल्या. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले, आणि एवढे होऊन माळढोक मात्र जवळपास दिसेनासा झाला. एखाद्या पक्ष्याचे नाव घेऊन कोणी जमिनीविषयी बोलू लागले की आमच्याकडील माणूस सातबारा घट्ट धरतो, तो उगीच नव्हे.

माळटिटवी

ताब्याचा मुद्दा माझ्या मनात इतक्या स्पष्टपणे कधी आला नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य करते. नान्नजबद्दल मात्र एक पुस्ती जोडते. इतक्या मोठ्या क्षेत्रावर एकदम रेघ ओढणे चुकलेच, पण माळढोक नाहीसा होण्याचे खापर त्या रेघेवर फोडता येणार नाही. हा पक्षी एका वेळी बहुधा एकच अंडे घालतो, तेही जमिनीवर, आणि चहूबाजूंनी दूरवर दिसेल अशीच जागा निवडतो. त्याच माळांवर दुष्काळी कामांतून गिरिपुष्पासारख्या झाडांची लागवड झाली होती आणि ती काढून टाकावी असे अभ्यासकांना सांगावे लागले. भोवतीची पीकपद्धती बदलली, विजेच्या तारा आल्या. म्हणजे माळढोकाच्या घरातही झाडे लावणारे आपणच होतो.

शंकेखोर

माझा एकच साधा प्रश्न आहे. तापमानवाढीच्या काळात झाड कार्बन साठवते आणि गवत दरवर्षी वाळून जाते, तर मग गवताची बाजू घेणे हे भावनेपोटी नाही काय?

माळटिटवी

गवताचा वर दिसणारा भाग वाळतो, मुळे वाळत नाहीत. गवताळ प्रदेशातील कार्बनचा मोठा वाटा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, आणि यंत्राने चर व खड्डे खणताना आपण नेमकी तीच माती उलथून काढतो. शिवाय टँकरने दोन उन्हाळे जगवून तिसऱ्या उन्हाळ्यात मेलेल्या रोपाने किती कार्बन साठवला, याचाही हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे.

मेंढक्याचा_नातू

वरची चर्चा मी दोनदा वाचली. दोन्ही बाजूंनी गायरान हा शब्द वापरला, पण ते ज्यांच्या नावाने आहे त्या जनावरांना आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या माणसांना कोणीही विचारले नाही.

माझे आजोबा मेंढ्या घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. आजही आमच्या भावकीतली चार कुटुंबे तसेच करतात. म्हणजे उन्हाळाभर त्या माळावर आमच्या मेंढ्यांचे तोंडही पडत नाही, आणि पावसात कोवळे गवत आले की कळप फिरत्या पद्धतीने चरतात. आजीला पवन्या, मारवेल आणि कुसळीचे गवत हाताला लागताच अंधारातही ओळखता येत असे. कुसळ पिकून लोकरीत शिरण्यापूर्वी कळप कोठून हलवायचा, याचे तिचे स्वतःचे पंचांग होते. धाविकाला आखूड गवत लागते. ते आखूड ठेवले कोणी, याचाही उल्लेख तुमच्या हरकतीच्या निवेदनात हवा होता.

लागवड झाली की काटेरी तारेचे कुंपण येते आणि चार-पाच वर्षे चराईबंदी लागते, हा बांधावरच्या बाभळीच्या कुंपणाचा आमच्यासाठी अर्थ. पण पक्षिमित्रांच्या निवेदनाची प्रत मीही पाहिली आहे, आणि तिच्या चौथ्या परिच्छेदात ‘गायरानावरील चराई नियंत्रित करावी’ असे वाक्य आहे. झाडवाल्यांनी दार लावायचे आणि पक्षीवाल्यांनी कडी घालायची, एवढाच फरक मला दिसतो. लांडगा आमचे कोकरू नेतो तेव्हा आजोबा ‘त्याचा वाटा होता’ म्हणून पुढे चालत असत. गावातल्या मोकाट कुत्र्यांनी मेंढी फाडली तर मात्र वाटा म्हणता येत नाही, आणि तीच कुत्री जमिनीवरची अंडी आणि चिंकाऱ्याची पाडसे खातात. त्यांच्याविषयी तुमच्या निवेदनात एक ओळ नाही.

निवृत्त_महसुली

भावना बाजूला ठेवून कागदाचे बोलतो. सार्वजनिक गायरानांवरील अतिक्रमणे हटवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आहे. जमिनीच्या बचावासाठी तो वापरता येतो, त्यासाठी रोपांचे कुंपण लागतेच असे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी ही नोंदवही कोणा बाहेरच्या माणसाने एका आठवड्यात भरून दिलेली असते, हा माझा नोकरीतला अनुभव. तुमच्या गावची नोंदवही मागवून वाचा. त्यात गायरानातील गवते, पक्षी आणि चराईचे मार्ग नसतील तर ते समितीकडून लिहून घ्या. ‘येथे गवत आहे’ हे वाक्य समितीच्या ठरावासह कागदावर आले, की अधिकाऱ्याला हसणे तितके सोपे राहत नाही.

बांधावरची_बाभूळ

नोंदवहीची सूचना मला पटली, पण कागदावर माझा विश्वास महसुली साहेबांइतका नाही. पंचायतीने रोपांची मागणी आधीच नोंदवली आहे आणि ती रोपे आता कोठे तरी लावावीच लागतील. आपल्याच जिल्ह्यातल्या कडबनवाडी आणि शिर्सुफळला २०२४ मध्ये माळरान सफारी सुरू झाली, तिथल्या काही स्थानिक मुलांना मार्गदर्शकाचे काम मिळाले, हेही मी जाणतो. तसे काही आमच्याकडे होणार असेल तर गाव ऐकेल. नुसते ‘नको’ घेऊन आलात तर ऐकणार नाही.

माळटिटवी

काल रात्री गटाची बैठक झाली. चौथा परिच्छेद आम्ही काढून टाकला आहे. तो कोणीतरी दुसऱ्या निवेदनावरून उतरवला होता आणि सही करताना आम्ही कोणी नीट वाचला नव्हता, हे सांगताना लाज वाटते. नव्या मसुद्यात मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची मागणी आहे. रोपे ओढ्याच्या दोन्ही काठांना, पाणंदीच्या कडेला आणि शाळेच्या आवारात लावण्याची सूचना असून, खड्डे काढायला गटातली मुले स्वतः येतील असे लिहून दिले आहे. गायरानाची हद्द दगड रोवून कायम करावी, ही मागणी बाभूळरावांच्या भीतीवर उतारा म्हणून घातली आहे. हा मसुदा १ मेच्या ग्रामसभेत मांडू.

बांधावरची_बाभूळ

ओढ्याकाठी सगळी रोपे मावणार नाहीत, हे मी आताच सांगून ठेवतो. निम्मी मावली तर उरलेल्या निम्म्यांसाठी मी गायरानाचीच बाजू घेईन. दगड मात्र रोवाच, त्याला माझा पाठिंबा आहे.

मेंढक्याचा_नातू

परिच्छेद काढल्याबद्दल आभारी आहे. पण १ मेला आमचे कळप अजून घाटाखालीच असतात, ते जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततात. त्या सभेत मेंढक्यांच्या बाजूने हात वर करायला गावात कोण असणार आहे?