घोडा नीट खातोय, मग खर्च कशाला?
'घोडा नीट खातोय, मग दरवर्षी दात तपासायचा खर्च कशाला?' हे काही पटलं नाही. घोड्याचे दात वर्षाला साधारण २-३ मिलिमीटर हिरडीबाहेर सरकत राहतात आणि झीज सगळीकडे सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाच्या बाजूने, खालच्यांना जिभेच्या बाजूने धारदार कडा येतात. दुखत असूनही घोडा बरेचदा खात राहतो (सोशिक जनावर!), अर्धवट चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडायला लागले की बराच उशीर झालेला असतो.

बिलात नुसती या धारदार कडा घासायला कानस फिरवण्याची मजुरी नसते, डॉक्टरांची फेरी आणि गुंगीचं इंजेक्शनही असतं. फेरीचा खर्च दोन-चार घोडेमालकांनी एकाच दिवशी बोलावून वाटून घ्यावा. गुंगीत मात्र काटकसर नको.