कॉर्नवॉलला सील बघायला जातोय: वेळ कोणती, दुर्बीण कुठली?

गंगापूररोडकर: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला मुक्काम आहे. गॉड्रेव्हीच्या कड्यावरून ग्रे सील दिसतात असं कळलं. सोबत सत्तरीचे वडील. नेमकं कधी जावं? 10×42 दुर्बीण पुरेल?

खडकवेडा: सकाळ-संध्याकाळ सोडा, ओहोटी बघा. पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन. तेव्हा खडक-वाळू उघडी पडते आणि सील वर येऊन लोळतात. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे मंगळवारी 9 ला असेल तर शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास. एक घोळ नेहमी होतो: तिथली भरती-ओहोटीची काही वेळापत्रकं ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात एक तास मिळवायचा.

निफाडचा स्कोपवाला: 10×42 चालेल, पण कड्यावरच्या वाऱ्यात चित्र थरथरतं. खाली बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवा. वडिलांना घडीचं स्टूल आणि 8×42 द्या (दहाऐवजी आठपट मोठं दिसतं, पण कमी थरथरतं). आधी नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यावरून सराव करा. वारकरी पक्ष्याच्या (कूटच्या) कपाळावरचा पांढरा टिळा स्थिर दिसला की जमलं!

ओळख नाकावरून. ग्रे सीलचं तोंड लांबट, घोड्यासारखं, नाकपुड्या जवळपास समांतर. कॉमन सीलचा चेहरा आखूड, मांजरासारखा, नाकपुड्या इंग्रजी व्हीसारख्या.

खडकवेडा: गॉड्रेव्हीला मटन कोव्ह या छोट्या खाडीच्या वर उभं राहाल तेव्हा कडेपासून मागेच. कड ढासळते, शिवाय आभाळाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती सीलना लगेच दिसते. हळू बोला. एकाने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं की थांबा. तिघा-चौघांनी पाहिलं तर मागे सरका. एकदा बिथरले की सगळे धडपडत पाण्याकडे धावतात, त्यात खडकांवर पोटं फाटतात, पिल्लं चिरडतात. तो पिल्लांचाच हंगाम आहे. पांढऱ्या लोकरीचं एकटं पिल्लू दिसलं तरी खाली उतरू नका, पाण्यात तर मुळीच ढकलू नका. आई बहुधा जवळच पाण्यात असते, आणि पिल्लू ती लोकर झडेपर्यंत साधारण तीन आठवडे किनाऱ्यावरच राहतं.

गंगापूररोडकर: आणि ड्रोन?

निफाडचा स्कोपवाला: नाशकातच ठेवा. त्या घरघरीनेच पळतात.